कुंची, खड्डा आणि दोन टाके

मी आयुष्यात पहिलं घर विकत घेतलं ते चाकांवरचं होतं, आणि ते उतारावर उभं असलं की चाकापुढे चिरा ठेवावा लागे.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. वडील मुंबईला गिरणीत आणि इथे आई शिवणाच्या मशीनवर. आळीतल्या झंपर-परकरांवर मी बी.एस्सी. झालो, याचा मला तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे. तोटा एवढाच, की कुठे काही बिघडलं की ते माझ्यासमोर आणून ठेवत. स्टोव्ह, कंदील, शेजाऱ्यांचा रेडिओ आणि एकदा तर रवंथ न करणारी म्हैस! (माझा विषय पदार्थविज्ञान होता. पण म्हशीच्या मालकाने तेवढं चालवून घेतलं.)

मला नोकरी लागल्यावर आईने लोकांचं शिवण बंद केलं. मशीन मात्र बंद केलं नाही. आता ती हौसेने शिवायची. उशांना अभ्रे, अभ्र्यांवर झालर, रेडिओला टोपडं. एकदा मी झोपेतून उठलो तर पाण्याच्या माठाला झबलं! मला वाईट वाटे ते निराळ्याच गोष्टीचं. इतकी वर्षं ती मशीनच्या पायट्यावर पाय मारत होती. तेवढ्या पायपिटीत ती काशीला जाऊन परत आली असती, पण स्टूल काही जागचं हललं नव्हतं. तिला चार गावं दाखवावीत असं फार मनात होतं. पण ती मशीनपासून दोन दिवसांहून जास्त लांब राहायला तयार नसे.

अशात एका वाचनालयात मी एक परदेशी मासिक चाळलं. त्यात एक म्हातारं जोडपं मोटारीतच घर करून देश हिंडत होतं. मोटारीत पलंग, मोटारीत स्वयंपाकघर! मी ठरवलं, त्यांच्याकडे स्वयंपाकघर आहे ना, आपण मशीन ठेवू.

आणि योग असा, की एका सरकारी आवारात जुन्या गाड्यांचा लिलाव निघाला. त्यात कुटुंबनियोजनाच्या प्रचाराची एक निवृत्त गाडी होती. टपावर भोंगा, पुढे छोटा लाल त्रिकोण, दोन्ही बाजूंना मोठे लाल त्रिकोण आणि त्यांच्याखाली हातभर अक्षरांत लिहिलेलं : ‘दोन पुरेत!’ मी हात वर केला तो डास हाकलायला, असं माझी बायको सुधा अजून सांगते. ते खोटं आहे. मी पूर्ण विचार करून हात वर केला होता. दुसरा एकही हात वर आला नाही, एवढाच विचार करायचा राहिला.

गाडीचं नाव मी ‘गृहयान’ ठेवलं. आळीने ‘मास्तरचं खोपटं’ ठेवलं. आत एक बाक, एक स्टोव्ह आणि खिडकीशी मशीन बोल्टांनी घट्ट बसवलेलं. आईने सगळ्या खिडक्यांना झालरीचे पडदे केले. भोंगा गंजून टपाला असा चिकटला होता की निघेना, त्यात चिमण्यांनी बिऱ्हाड केलं. म्हणजे आमच्या घरावर पोटभाडेकरूसुद्धा होता!

आता राहिले ते त्रिकोण. घराच्या भिंतींना लावून पिस्ता रंगाचा डिस्टेंपर उरला होता. मी ब्रश घेतला.

“अहो, तो भिंतीचा रंग आहे,” सुधा म्हणाली.

“हे घर आहे ना? मग ही भिंतच.”

“पाण्याने जाईल.”

“घरात कोण पाणी मारतंय?” मी म्हणालो. वर्गात असा युक्तिवाद एखाद्या मुलाने केला असता तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

तर अशी गाडी दारात उभी असताना दापोलीपलीकडच्या बुरोंडीहून निरोप आला, की माझ्या धाकट्या बहिणीला, नंदाला, मुलगी झाली. हे तिचं तिसरं. पहिल्या मुलाचं बाळंतपण आमच्याकडे झालं होतं. दुसरं, मुलीचं, सासरी झालं आणि नेमकी तेव्हा आई तापाने अंथरुणावर होती. बारशाला न्यायची कुंची आम्ही दुकानातून आणली. (कुंची म्हणजे बाळाचं टोपडं आणि पाठीवरचा घोळ, दोन्ही एकातच. बाळंतविड्यात बाकी काही असो नसो, आजोळची कुंची हवी.) विहीणबाईंनी ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाल्या,

“बाजारातली दिसत्ये.”

बस्स, एवढंच. वाईट हेतूनेही नाही. पण आईच्या जिव्हारी लागलं. जिने सगळ्या आळीचे कपडे शिवले, तिच्या नातीच्या डोक्यावर बाजारातली कुंची! तेव्हापासून आमच्याकडे बाजारातून काही आणलं, अगदी वांगी आणली तरी आई म्हणे, “बाजारातली दिसतायत.”

“या वेळी माझ्या हातची कुंची गेली पाहिजे,” आई म्हणाली.

“मग इतके महिने काय केलंस? आधीच शिवून ठेवायचीस,” मी म्हणालो.

“मूल जन्मायच्या आधी त्याच्या कपड्याला कात्री लावत नाहीत.”

“आई, याला शास्त्रीय आधार काय?”

“तुझ्या बी.एस्सी.त बाळंतपण होतं?”

नव्हतं. 

पण निरोपाने वाटेत दोन एस.टी. ड्रायव्हर बदलले आणि एकाची रजा मध्ये आली. तो आमच्यापर्यंत पोचला तेव्हा बारसं परवावर आलं होतं. झबली, टोपडी, दुपटी, सगळंच शिवायचं होतं. सुधा म्हणाली, आता कसं होणार? आणि मी, ज्या क्षणाची इतके दिवस वाट पाहत होतो तो क्षण आलेला पाहून, छाती पुढे काढून म्हणालो,

“गृहयान!”

दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही निघालो. मी स्टिअरिंगवर, शेजारी सुधा आणि मागे आई मशीनवर. हातखंब्याच्या आधीच एक अडचण कळली. गाडीने खड्ड्यात आचका दिला की आईचा पाय पायट्यावर आपोआप दाबला जाई आणि मशीन तिला न विचारता चार टाके जास्त घाली. पहिल्याच झबल्याचं गळ्याचं भोक बंद झालं!

“बाळ्या, खड्डा आला की आधी ओरड. मी पाय उचलीन.”

झालं. त्या काळचा आमचा रस्ता आणि खड्ड्याला ओरडायचं! मी “खड्डा!” म्हणायचो, आई पाय उचलायची. “गेला!” म्हणायचो, आई पाय ठेवायची. “खड्डा! गेला! खड्डा! खड्डा! अजून खड्डा! गेला! नाही गेला!” संगमेश्वरला चहाला थांबलो तेव्हा माझा आवाज बसला होता. चहावाल्याने “साखर किती?” विचारलं, तर मी म्हणालो, “खड्डा.”

पण काम झालं. सावर्डं जवळ आलं तेव्हा बाळंतविडा जवळजवळ तयार होता. राहिली होती ती हिरव्या खणाची कुंची. आईने ती मुद्दाम शेवटाला ठेवली होती, हात बसल्यावर करायची म्हणून.

आणि सावर्ड्याच्या बाजारात गाडीच्या पोटातून फाटकन आवाज आला. पुढून वाफेचा लोट उठला. मी उतरून झाकण उघडलं. इंजिनाच्या पंख्याचा पट्टा तुटला होता. मी दोन बादल्या पाणी आणून इंजिनावर, त्याच्या तोंडावर आणि उत्साहाच्या भरात पुढच्या सगळ्या पत्र्यावर ओतलं. माझे हात पिस्ता झाले. त्याचा अर्थ काय, हे बघायला मला सवड नव्हती.

“मशीनचा चामडी पट्टा लावून बघू?” मी आईला विचारलं.

“लाव. आणि कुंची मग तू दाताने शीव.”

एकच उपाय उरला. माझ्या पँटचा पट्टा! तो चांगला रुंद आणि जाड होता. मापाने कापून टोकं जोडून आईने दोन पक्के टाके घातले असते तर काम भागलं असतं. मी गाडीबाहेर उभा राहून कमरेचा पट्टा सोडायला लागलो. तेवढ्यात सुक्या मासळीची पिशवी घेतलेला एक माणूस जवळ येऊन उभा राहिला. त्याने गाडीच्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्या पट्ट्याकडे पाहिलं.

“तुमीपन?” त्याने हळूच विचारलं.

“काय करणार! वेळ आली की करावंच लागतं.”

“लय येळ लागतो काय वो?”

“छे! दोन टाके. पाच मिनिटांचं काम.”

“मागाहून तरास नाय ना?”

“उलट त्रास संपला म्हणा. टाके एकदा पक्के बसले की पुढे काळजी नाही.”

“डाक्टर आत हायत?”

“डॉक्टर कशाला? आमची आई आहे ना!”

त्याच्या हातातली पिशवी खाली पडली.

“आय? तुमची आय करते?”

“जन्मभर तेच केलं तिने! रत्नागिरीत आमच्या अख्ख्या आळीचं तिनेच केलंय. रांग लागायची दारात. हात असा सफाईदार, की टाका कुठे घातलाय ते शोधून सापडायचं नाही.”

इतक्यात गाडीचा झालरीचा पडदा सरकला आणि आई बाहेर डोकावली. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप आणि हातात कापड बेतायची भलीमोठी कात्री.

“बाळ्या, काढलास का नाही अजून? आण लवकर! जास्तीचं कापून टाकते!”

तो माणूस जो पळाला! पिशवी तिथेच. मी “अहो, तुमचे बांगडे!” म्हणून त्याच्यामागे धावलो, पण एका हाताने पँट धरून धावण्याची मला सवय नव्हती.

परत येऊन पट्टा आईला दिला. ती टाके घालते आहे तोच तो माणूस पुन्हा येताना दिसला. या वेळी तो स्वतः येत नव्हता, त्याला आणलं जात होतं. त्याचं मनगट एका ठसठशीत बाईच्या मुठीत होतं आणि त्यांच्या मागे निम्मा बाजार.

“डाक्टर, ह्ये पळून आलं व्हतं,” बाई म्हणाली. “मी धरून आनलंय. पाच पोरं झाली, आता पुरं झालं. घ्या आत.”

“बाई, मी डॉक्टर नाही. मी मास्तर आहे.”

“मास्तर? मंग ह्यो लाल तिकोन कशापायी मिरवताव?”

मी वळून पाहिलं. गाडीच्या तोंडावरचा पिस्ता रंग वाहून गेला होता आणि तिथे लालभडक त्रिकोण, काल काढल्यासारखा, चमकत होता. सुधा काही बोलली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं लांबलचक न बोलणं मी तोवर ऐकलं नव्हतं.

आईने बाईला पट्टा दाखवला, टाके दाखवले, सगळा उलगडा केला. बाई फार हिरमुसली. “म्हंजे ह्यांचं कायच व्हनार नाय?” तिने दोनदा विचारलं. नवरा मात्र सुटकेच्या आनंदात इतका होता की पट्टा बसवल्यावर त्याने एकट्याने गाडी ढकलून चालू करून दिली. वर बांगडेही आम्हालाच दिले!

पुढच्या त्रिकोणावर आईने खिडकीचा एक झालरीचा पडदा टाचून बांधला. गाडी घुंगट घेतल्यासारखी दिसायला लागली. “बाजूचे दोन अजून झाकलेले आहेत,” सुधा म्हणाली. “आता पोचेपर्यंत पाण्याचा थेंब लागू देऊ नका.” मी मान हलवली. कमरेला सुतळी होती, ती मान हलवली तरी ढिली व्हायची.

त्यानंतर आई कुंचीला बसली. मी “खड्डा!” ओरडत होतो, पण माझं अर्धं लक्ष इंजिनातल्या पट्ट्याकडे आणि उरलेलं सुतळीकडे. परशुरामाच्या घाटात एका वळणावर मी ओरडायला विसरलो. मागून मशीनचा एक लांबलचक खर्रर्र आवाज आला आणि मग शांतता.

“आई? काय झालं?”

“काही नाही. तू पुढे बघ.”

आरशात मला आईचा चेहरा दिसला. कुंचीच्या कडेला जरीचा काठ सरळ बसत आला होता आणि एका जागी शिवणीने अशी उडी मारली होती, जशी माझ्या फळ्यावरच्या आलेखात कधी मारली नव्हती. जरीला सुईची भोकं पडली होती. उसवलं असतं तर काठ फाटला असता आणि जास्तीचा खण नव्हता. आईने ती जागा बोटाने दाबून पाहिली, पुन्हा पाहिली आणि पाय पायट्यावर ठेवला. त्या दिवशी पुढे खड्डे मी अगदी घसा फाटेपर्यंत सांगितले. रात्र वाटेत गाडीतच काढून दुसऱ्या दिवशी सकाळी दापोलीच्या वळणांवरही सांगितले. पण ज्या खड्ड्याला ओरडायचं होतं तो मागे गेला होता.

आम्ही बुरोंडीला पोचलो तेव्हा अंगणात मांडव होता, पाहुणे आले होते, आतून पाळणा दिसत होता. नंदाचे सासरे, तात्या, धावतच आले. माणूस अतिशय अगत्यशील.

“या, या! अरे, पाणी आणा पावण्यांना!”

रिवाजाप्रमाणे त्यांनी आमच्या पायांवर पाणी घातलं. मग त्यांची नजर धुळीने माखलेल्या गृहयानाकडे गेली.

“आणि ही बिचारी? एवढ्या लांबून आली. हिच्या पायांवर पाणी नको?”

त्यांनी चाकावर तांब्या ओतला. 

“तात्या, नको!”

“अहो, संकोच कसला! आणा रे, कळशी आणा!”

“तात्या, खरंच नको! तिला पाणी सोसत नाही!”

“आमच्या विहिरीचं पाणी आहे. कुणालाही सोसतं!” आणि कळशी धाडकन गाडीच्या अंगावर!

आमच्याकडे पाहुण्याने ‘नको’ म्हणणं म्हणजे ‘अजून’ म्हणणं. मी जितका ओरडलो तितक्या कळशा वाढल्या. मी आडवा पडायला धावलो तर सुतळी सुटली. एका हाताने पँट, दुसऱ्या हाताने “नको! नको!” आणि तात्यांना ते इतकं विनयाचं वाटलं की त्यांनी दुसऱ्या बाजूनेही माणसं लावली.

पिस्ता रंगाचे ओघळ अंगणभर झाले. आधी त्रिकोणाचं टोक दिसलं. मग ‘दो’. मग ‘न’. पाहुणे उठून जवळ आले. शेवटच्या कळशीला उद्गारचिन्हसुद्धा स्वच्छ निघालं.

विहीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सावकाश, मोठ्याने वाचलं.

“दोन... पुरेत.”

मग आत पाळण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“बाळासाहेब, हे आधी कळवायचं होतंत. आता उशीर झाला.”

मांडवात कुणी हसेना, कारण हसावं की नाही ते कुणालाच ठरवता येईना. मी तोंड उघडलं, पण काल बसलेला घसा आताच्या ‘नको! नको!’ने पुरता गेला होता, फक्त हवा आली. तेव्हा आई गाडीतून खाली उतरली. तिने पदर सारखा केला आणि बाळंतविड्याचं बोचकं विहीणबाईंसमोर धरलं.

“विहीणबाई, ते गाडीचं बोलणं आहे. आमचं म्हणणं हे.”

विहीणबाईंनी बोचकं सोडलं. झबली पाहिली, दुपटी पाहिली आणि कुंची हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. अगदी गेल्या वेळेसारखीच. आई मांडवाचा खांब धरून उभी होती. विहीणबाईंचं बोट जरीच्या काठावरून फिरत फिरत आलं आणि नेमकं तिथे थांबलं.

“हे इथे काय झालं?”

“तो परशुरामाचा घाट,” आई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “येताना गाडीतच शिवली. निरोप उशिरा मिळाला. बाळ्या खड्डा सांगायला विसरला.”

“आणि ही थोडी नागमोडी?”

“ती दापोलीची वळणं.”

“म्हणजे रत्नागिरीपासून इथवर शिवत आलात?”

“कुंची सावर्ड्यापासून. पण हातची आहे.”

विहीणबाईंनी कुंची पुन्हा एकदा डोळ्यांजवळ नेली. मग त्या हसायला लागल्या. पोटभर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“अहो, हातची ते काय सांगताय! बाजारातल्या कुंचीत कुठला परशुरामाचा घाट असायला!” आणि त्यांनी ती मांडवातल्या बायकांकडे पुढे केली. “बघा गो, आजोळची कुंची! घाटासकट आहे!”

मग सगळा मांडव हसला. नंदा आत बाळाला मांडीवर घेऊन हसत होती, सुधा हसत होती आणि आई, पदर तोंडाला लावून, रडते आहे की हसते आहे ते मला कळलं नाही. कुंची हातोहात फिरली आणि प्रत्येक बाईने घाटावरून बोट फिरवलं. माझ्या आईने जन्मभर इतकं सरळ शिवलं, त्याचं एवढं कौतुक झालेलं मी पाहिलं नव्हतं.

बारसं झालं. आत्याने बाळाच्या कानात सांगितलेलं नाव ‘तृप्ती’. आधी ठरलेलं नाव म्हणे दुसरंच होतं. ऐन वेळी अंगणात काय वाचून बदललं, ते मी कधी विचारलं नाही.

तृप्ती आता मोठी आहे. कुंची तिने जपून ठेवली आहे आणि ती दाखवताना घाट कुठे, वळणं कुठे, सगळं नीट समजावून सांगते. आजीचं तिला फार कौतुक. माझ्याबद्दल कुणी विचारलं तर मात्र ती एकच वाक्य बोलते, आणि त्यातलं एक अक्षरही मला खोडता येत नाही :

“माझ्या बारशाला सगळे मला बघायला आले होते. मामा तेवढा, मी नको होते असं गाडीवर लिहून घेऊन आला होता.”